उत्तरे जुळली म्हणजे लग्न खरे ठरते का?

आपल्या न्हावा शेवा परिसरातील कुटुंबांना परदेश नवीन नाही. कुणाचा मुलगा जहाजावर असतो, कुणाचा भाऊ आखातात, तर कुणाची मुलगी लग्न होऊन अमेरिकेला किंवा कॅनडाला निघालेली असते. त्यामुळे हल्ली लग्नाच्या तयारीत हॉल, बँड आणि जेवणावळीच्या जोडीला आणखी एक तयारी येऊन बसली आहे, ती म्हणजे व्हिसाच्या मुलाखतीची. आपले लग्न खरे आहे हे एका अनोळखी अधिकाऱ्याला पटवून द्यायचे असते.

या तयारीविषयी बोलताना बहुतेकजण कागदपत्रांची यादी मागतात. यादी महत्त्वाची आहेच. पण तिच्यामागे एक नैतिक प्रश्न उभा आहे आणि त्याचा विचार आपण फारसा करीत नाही. जे खरे आहे त्याची तयारी करावी लागते का? आणि तयारी करता करता खऱ्याचेच नाटक होऊन बसते का?

मुलाखतीत काय होते?

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण तिथली पद्धत बरीच स्पष्ट आहे. तिथे राहणारा पती किंवा पत्नी आधी आय-१३० हा अर्ज भरते. अर्ज मंजूर झाल्यावर भारतातील जोडीदाराला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला बोलावले जाते. वकिलात २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. दोघेही आधीच अमेरिकेत असतील तर मुलाखत तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात होते आणि बहुधा दोघांना एकत्र बसवले जाते. शंका आली तर मात्र दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरे ताडून पाहतात. १९७० च्या दशकातील न्यूयॉर्कच्या एका खटल्यावरून या पद्धतीला 'स्टोक्स मुलाखत' म्हणतात.

प्रश्न साधेच असतात. तुम्ही प्रथम कुठे भेटलात? लग्नाला कोण कोण आले होते? सासूबाईंचे नाव काय? सकाळी आधी कोण उठते? काल रात्री काय जेवलात? पण या साध्या प्रश्नांवर संसाराचे पुढचे सगळे अवलंबून असते. १९८६ मध्ये अमेरिकेने बनावट लग्नांविरुद्ध कायदा केला. तेव्हापासून, निवासाचा हक्क मिळताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर तो हक्क दोन वर्षांपुरता आणि सशर्त दिला जातो. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करावा लागतो. केवळ कायदा चुकवण्यासाठी लग्न केल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. लग्न खरे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. खोटे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर नसते.

हा संशय अगदीच निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. पैसे घेऊन लग्न लावून देणारे दलाल आहेत. उलट बाजूने, परदेशातला नवरा म्हणून मिरवणारे आणि हुंडा घेऊन पसार होणारेही आहेत. अशा सोडून दिलेल्या स्त्रियांच्या तक्रारींसाठी आपल्या राष्ट्रीय महिला आयोगाला स्वतंत्र कक्ष उघडावा लागला. तेव्हा अधिकारी प्रश्न विचारतो हाच मुळात अन्याय आहे, असे आपण म्हणू नये.

ख्रिस्तसभाही विचारते

एक गोष्ट आपण विसरतो. विवाहापूर्वी ख्रिस्तसभाही वधूवरांना प्रश्न विचारते. धर्मगुरू दोघांची चौकशी करतात, तीही वेगवेगळी. तुम्ही स्वखुशीने लग्न करीत आहात ना? कुणाचा दबाव आहे का? याआधी लग्न झाले आहे का? जन्मभर एकनिष्ठ राहण्याची आणि मुलांचा स्वीकार करण्याची तयारी आहे का? मग लग्नाची सूचना चर्चमध्ये वाचली जाते, म्हणजे कुणाला एखादी अडचण माहीत असेल तर त्याने पुढे येऊन सांगावे. कागद आपल्यालाही लागतात. बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, दोन साक्षीदार लागतात आणि नोंदवहीत सही लागते.

मग फरक कुठे आहे? तो विश्वास आणि संशय यांच्या क्रमात आहे. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यात, कलम ११०१ मध्ये, असे मानले आहे की माणसाने विवाहाच्या वेळी उच्चारलेले शब्द आणि त्याच्या मनातली संमती एकच असते. ती तशी नव्हती असे कुणाचे म्हणणे असेल तर ते त्याने सिद्ध करावे. म्हणजे ख्रिस्तसभा आधी विश्वास ठेवते आणि कारण मिळाले तरच शंका घेते. इमिग्रेशनचा कायदा आधी पुरावा मागतो आणि मग विश्वास ठेवतो.

दोघांनाही आपापल्या जागी कारण आहे. धर्मगुरूंना घर माहीत असते, आजी-आजोबा माहीत असतात, आणि काही लपवले तर शेजारी सांगतात. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर मात्र काही कागद असतात आणि काही मिनिटे असतात. आपल्या बंदरातही आलेला प्रत्येक कंटेनर कस्टम्सवाले उघडत नाहीत. बरेचसे कागदांवर सुटतात, काहींचे स्कॅनिंग होते, काही उघडले जातात. ज्याचा कंटेनर उघडला तो तस्कर ठरत नाही. तसेच ज्या जोडप्याला जास्त प्रश्न विचारले गेले, त्याने स्वतःला गुन्हेगार समजण्याचे कारण नाही.

सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कागदावर सिद्ध करताना काय त्रास होतो, हे या किनाऱ्याला नव्याने सांगायला नको. १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदरासाठी ज्यांच्या जमिनी आणि घरे गेली, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जिथे नांदलो तिथलेच आपण आहोत हे सांगायला प्रकल्पग्रस्त दाखल्याच्या रांगेत उभे राहावे लागले. कागद नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो.

प्रश्नाची मर्यादा

प्रश्न विचारण्याचा अधिकार मान्य केला तरी त्याला मर्यादा असते आणि ती वारंवार ओलांडली गेली आहे. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम या भारतीय स्त्रीच्या प्रकरणात निकाल दिला. तिचा पती तिथे राहत होता, पण तिला पत्नी म्हणून प्रवेश नाकारला गेला. ख्रिस्ती विधीने न झालेली आणि नोंद नसलेली लग्ने तिथे कायदेशीर नाहीत, असा त्या निकालाचा अर्थ निघाला. हजारो भारतीय स्त्रिया एका दिवसात बेकायदा पत्नी ठरल्या. कस्तुरबा गांधी त्याच वर्षी सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. पुढच्या वर्षी नवा कायदा होऊन ही लग्ने मान्य झाली. आपल्याच धर्माच्या विधीचा उपयोग दुसऱ्यांच्या संसाराचा अपमान करण्यासाठी झाला, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. अलिबाग, पेण, पनवेल या भागांतील बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. मराठी बोलणारे हे लोक शतकानुशतके आपला धर्म सांभाळत आले होते. तरी १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या मुख्य धर्मपीठाने असा आदेश काढला की त्यांच्यापैकी कुणाला इतर यहुद्यांशी लग्न करायचे असेल तर आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले आणि त्यानंतर तो आदेश बदलला गेला.

तिसरे उदाहरण १९७९ चे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्य तपासणी केल्याचे उघड झाले आणि ब्रिटनला ती पद्धत बंद करावी लागली. सत्य शोधण्याच्या नावाखाली माणसाची विटंबना करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. १९८३ मध्ये परमपीठाने जाहीर केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत स्थलांतरित कामगाराला आपले कुटुंब लवकरात लवकर एकत्र यावे असा हक्क आहे, असे म्हटले आहे. प्रश्न विचारणाऱ्याने हे विसरू नये.

बायबलमधील तीन जोड्या

आता उत्तर देणाऱ्याकडे वळू. बायबलमध्ये अशा मुलाखतीशी मिळत्याजुळत्या तीन कथा आहेत.

पहिली अब्राहाम आणि सारा यांची, उत्पत्तीच्या पुस्तकातली. दुष्काळ पडला म्हणून ते मिसर देशाच्या सीमेवर आले. बायकोच्या रूपामुळे आपला जीव जाईल या भीतीने अब्राहामाने तिला बहीण म्हणवून घ्यायला सांगितले. पुढे दुसऱ्या एका राजासमोरही त्याने तेच केले आणि ती सावत्र बहीण असल्याचे कारण दिले. म्हणजे बोलणे अर्धे खरे होते, पण हेतू फसवण्याचा होता. भीती खरी होती, हे मान्य. तरी त्या लपवाछपवीची किंमत साराला मोजावी लागली, तिला राजाच्या वाड्यात नेले गेले. शेवटी फारोनेच अब्राहामाला जाब विचारला. श्रद्धेचा पिता म्हणून गौरवलेल्या माणसाला परक्या राजाने खरेपणाचा धडा दिला.

दुसरी कथा दानीएलच्या ग्रंथातील सुसान्नाची. दोन वडीलधाऱ्यांनी तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतला. दानीएलने त्या दोघांना वेगवेगळे केले आणि एकच प्रश्न विचारला, तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघांनी दोन वेगळी झाडे सांगितली आणि निरपराध स्त्री वाचली. वेगवेगळे बसवून विचारण्याची पद्धत एका स्त्रीच्या रक्षणासाठीही वापरता येते, हे इथे दिसते.

तिसरी कथा प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पीरा या पतीपत्नीची. जमीन विकून आलेल्या पैशांतील काही भाग त्यांनी मागे ठेवला आणि सगळे पैसे दिल्याचे भासवले. आधी पती आला, मग सुमारे तीन तासांनी पत्नी. पेत्राने तिला वेगळे विचारले, जमीन एवढ्यालाच विकली का? तिने ठरल्याप्रमाणे होकार दिला. दोघांची उत्तरे तंतोतंत जुळली आणि दोन्ही खोटी होती.

या कथा एकत्र ठेवल्या की आपल्या प्रश्नाचा गाभा हाती लागतो. सुसान्नाच्या कथेत उत्तरे जुळली नाहीत म्हणून खोटेपणा उघडा पडला. हनन्या आणि सप्पीरा यांची उत्तरे जुळली, तरी खोटेपणा तसाच होता. तेव्हा उत्तरे जुळणे ही सत्याची एक खूण आहे, सत्य नव्हे. लग्नाचे वचन खरे दिले होते का आणि ते पाळले जात आहे का, यावर लग्नाचा खरेपणा ठरतो. पडद्याचा रंग दोघांनी सारखा सांगितल्याने तो ठरत नाही.

आठवणे आणि रचणे

मग तयारी करावी की नाही? जरूर करावी. पण आठवणे आणि रचणे यांतला फरक ओळखून करावी.

दोघांनी एकत्र बसून पहिल्या भेटीपासूनच्या तारखा आठवणे, फोटो लावून ठेवणे, फोनची बिले, पैसे पाठवल्याच्या पावत्या, प्रवासाची तिकिटे आणि एकत्र खात्याचे पासबुक जमवणे, हे सगळे योग्य आहे. याने मन शांत होते आणि बोलणे सुसंगत होते. एखाद्या एजंटाकडून प्रश्नोत्तरांचा कागद विकत आणून तो पाठ करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. न झालेल्या सहलीचे फोटो काढणे, साखरपुड्याची तारीख सोयीने मागे नेणे, नवरा-नवरी वेगळी राहत असताना एकत्र राहतो म्हणून सांगणे, हे रचणे झाले.

संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्याविषयी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्यांच्या मते, जो एखादी गोष्ट खरी समजून सांगतो आणि ती चुकीची निघते, तो खोटारडा नसतो. खोटेपणा फसवण्याच्या हेतूत असतो. मुलाखतीला घाबरणाऱ्या जोडप्याला याचा मोठा दिलासा वाटावा. नवऱ्याने लग्नाला चारशे माणसे होती म्हणून सांगितले आणि बायकोने तीनशे म्हटले, तर ती दोघे खोटे बोलली असे होत नाही. दोघांनी आपापल्या डोळ्यांनी एकच मांडव पाहिला, इतकेच. 'मला आठवत नाही' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारायला सांगावा आणि इंग्रजी जड जात असेल तर दुभाष्या मागावा. त्यात कमीपणा नाही.

जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरी एक वेगळी अडचण असते. नवरा सहा-सात महिने समुद्रावर. मग 'एकत्र राहता का' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? जे आहे तेच सांगायचे. जहाजावरचा कामाचा काळ त्याच्या सीडीसी पुस्तकात नोंदलेला असतो आणि घरी पाठवलेले पैसे बँकेत दिसतात. दुराव्यातही टिकलेला संसार हा संसारच आहे. तो लपवून जवळिकीचे खोटे चित्र उभे करणे म्हणजे त्या बाईने एकटीने काढलेल्या दिवसांवर बोळा फिरवण्यासारखे आहे.

सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. लग्न खरे आहे पण पुरावा तोकडा आहे. मोठ्या सत्यासाठी एक लहानसे असत्य बोलले तर काय बिघडले, असे तेव्हा मनात येते. हा मोह आपण समजू शकतो. जोडीदारापासून वर्ष-दोन वर्षे दूर राहणे सोपे नसते. तरीही आम्हाला हे असत्य मान्य होत नाही, आणि पकडले जाण्याची भीती हे त्याचे मुख्य कारण नाही. मुलाखतीत पतीपत्नी एकमेकांचे साक्षीदार असतात. दोघांनी मिळून खोटे ठरवले आणि ते यशस्वी झाले, तर त्या दिवशी दोघांनाही एक गोष्ट कळते. आपला जोडीदार शपथ घेऊन, चेहऱ्यावरची रेषही न हलवता खोटे बोलू शकतो. व्हिसा मिळतो, पण हे कळलेले विसरता येत नाही. पुढे कधी घरात संशयाचा प्रसंग आला की ती खिडकी आणि ते उत्तर आठवते. ज्या विश्वासाचा पुरावा द्यायला आपण गेलो, त्याच विश्वासाला तिथे तडा जातो.

हेतू मिसळलेले असतात

काहीजण विचारतील, परदेशाचे स्थळ म्हणून होकार दिला तर ते लग्न खोटे का? माणसाचे हेतू क्वचितच शुद्ध एकजिनसी असतात. आपल्या आई-वडिलांनीही नोकरी पाहिली, घर पाहिले, घराणे पाहिले. दोन भेटींत ठरलेली कितीतरी लग्ने पन्नास वर्षे सुखाने टिकली. अमेरिकेतील न्यायालयांनीही कसोटी अशीच ठेवली आहे की लग्नाच्या वेळी दोघांना एकत्र आयुष्य उभारायचे होते का. फायदा होणार हे माहीत असणे वेगळे आणि फायद्यासाठीच लग्न करणे वेगळे.

हा फरक अधिकाऱ्याला कळेलच असे नाही. पण वधूवरांना तो एका प्रश्नाने तपासता येतो. उद्या व्हिसा नाकारला गेला तर आपण पतीपत्नी राहू का? इथेच, उरणला किंवा पनवेलला, दोन खोल्यांत संसार थाटू का? या प्रश्नाला मनापासून 'हो' येत असेल तर बाकीच्या प्रश्नांना घाबरू नका. ते येत नसेल तर थांबा. अशी तपासणी लग्नापूर्वी झाली पाहिजे. मुलाखतीच्या आदल्या रात्री तिला उशीर झालेला असतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे पासपोर्टवर आडनावाचे एक स्पेलिंग, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे, असे सर्रास आढळते. ते लग्नाआधीच तपासा. दुरुस्ती लागली तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील नोंद यांच्या मार्गाने करून घ्या, कुणाच्या सांगण्यावरून कागदावर खाडाखोड करू नका. चर्चच्या नोंदवहीतील उतारा हवा असल्यास धर्मग्रामाच्या कार्यालयात वेळेत अर्ज द्या. आणि मुलाखतीला निघण्यापूर्वी दोघांनी एक संध्याकाळ फाइल बाजूला ठेवून एकमेकांशी बोलण्यात घालवावी. त्या बोलण्यात अशा किती गोष्टी नव्याने कळतात, ज्या कुठलाही अधिकारी विचारणार नाही.